काणकोणचा रानकिनारा: भरती, ऊन आणि तिथी पाहून आखायची चार दिवसांची भटकंती

गोव्याच्या दक्षिण टोकाला, करमल घाट उतरला की काणकोण तालुका लागतो. इथे समुद्र, नदीची मुखं, जांभ्याचे सडे (तांबड्या दगडाची पठारं) आणि सह्याद्रीचं दाट रान हे सगळं एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात आहे. मात्र स्थळांची यादी करून एकेक खूण करत फिरलं तर इथलं अर्धं हुकतं. पाळोळेजवळच्या बेटावर चालत जाण्याची वाट दिवसातले काही तासच उघडी असते. उसगाळीमळची कातळचित्रं भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत, आणि कासवाची पिल्लं बाहेर येतात ती अंधारात. म्हणून या किनाऱ्यावर आधी वेळ ठरवायची आणि मग जागा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: घरातलं पंचांग आणि मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता. तक्ता मोबाइलवर सहज मिळतो.

कोणत्या दिवसांत जायचं

पौष किंवा माघ अमावस्येच्या आगेमागे चार दिवस काढता आले तर उत्तम. इंग्रजी महिन्यांनी सांगायचं तर जानेवारी आणि फेब्रुवारी. या काळात समुद्र शांत असतो, होड्या चालू असतात, रानातली पाणवठ्याबाहेरची डबकी आटायला लागलेली असतात, नदीकाठचा कातळ कोरडा असतो आणि कासवांची अंडी फुटायला सुरुवात झालेली असते. अमावस्याच का, तर दोन कारणांनी. उधाणाची भरती-ओहोटी असल्यामुळे ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं, आणि रात्री पूर्ण काळोख मिळतो. पौर्णिमेलाही उधाण असतंच, पण काळोख मिळत नाही. ज्यांना धालोची गाणी ऐकायची आहेत त्यांनी मात्र पौषातल्या चांदण्या रात्रीच गाठाव्यात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

भरतीची वेळ तिथीवरून काढायचा कोकणपट्टीतला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. गोव्यात पाणी या हिशेबापेक्षा अर्धा ते एक तास लवकर भरतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे अमावस्येच्या दिवशी भरती सकाळी साडेदहा-अकराला आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास. फिरण्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचं वेळापत्रक नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं. तेव्हा पाणी ना फार चढत, ना फार उतरत, आणि बेटाची वाट बहुतेक वेळा पाण्याखालीच राहते.

हा हिशेब आराखड्यापुरता आहे. पाण्यात पाय घालण्यापूर्वी तक्ता पाहायचाच, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीत पाणी जास्त उतरतं, दुसरीत कमी. तक्त्यातला मीटरचा आकडा बघा. ०.५ किंवा त्याहून कमी असेल तर खडकाळ किनारे मोकळे होतात.

पोहोचणं आणि मुक्काम

मडगाव ते चावडी, म्हणजे काणकोणची बाजारपेठ, हे अंतर ३५-४० किलोमीटर आहे. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) आणि खासगी बसगाड्या दिवसभर असतात. काणकोणला कोकण रेल्वेचं स्थानक आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. मडगावचं तिकीट काढून पुढे बस धरणं सोपं पडतं. विमानाने येणाऱ्यांना दाबोळी जवळ आहे. मोपाचा विमानतळ राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला असल्याने तिथून अडीच-तीन तास हाताशी ठेवावेत.

तालुक्यात फिरायला दुचाकी सगळ्यात बरी. भाड्याने घेताना पाटी पाहा: काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडीच भाड्याने द्यायला परवाना असलेली. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण अडवलं तर दंड चालवणाऱ्याला भरावा लागतो आणि अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात. पेट्रोल चावडीलाच भरून घ्या. खोतीगावच्या आत आणि खोल्याच्या डोंगरात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

मुक्कामाला पाळोळे गजबजलेलं आहे, पाटणे त्याहून शांत, आणि आगोंद व गालजीबाग आणखी शांत. कासवांसाठी येणाऱ्यांनी आगोंद किंवा गालजीबाग निवडावं. खोली ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद करता का? ज्या घरमालकाला या प्रश्नाचं कारण सांगावं लागत नाही, तिथे राहा.

पहिला दिवस: कुंकळ्ळीचे चितारी आणि संध्याकाळचं बेट

मडगावहून येताना कुंकळ्ळी वाटेतच लागते. हे गाव चितारी कामासाठी ओळखलं जातं: लाकडावर लाखेचे रंग चढवून केलेले पाट, पाळणे, लहान स्टुलं, खेळणी. लाखकामात कातलेलं लाकूड यंत्रावर फिरत ठेवतात आणि रंगवलेल्या लाखेची कांडी त्याला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रशने लावलेल्या ऑइल पेंटमध्ये आणि यात फरक हाताला लगेच कळतो. लाखेचा थर लाकडात मुरल्यासारखा लागतो, कडेला रंगाचे ओघळ नसतात, आणि गोल वस्तूवर पट्टे अगदी सरळ फिरलेले असतात. वस्तू घेतली तर गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. लाख उष्णतेने मऊ पडते आणि कागद चिकटतो. गरम भांडंही तिच्यावर ठेवायचं नाही. ही कला करणारी घरं आता थोडी उरली आहेत. काम बघायचं असेल तर दुपारच्या जेवणाची वेळ टाळून जा आणि भाव करताना हात आखडता घेऊ नका.

फाल्गुन शुद्ध पंचमीच्या सुमारास येणाऱ्यांना इथे सांत्र्यांचा उत्सव बघायला मिळतो. कुंकळ्ळीच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या नाचवत शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या पालखीसोबत फातर्प्याहून कुंकळ्ळीला आणतात. गुलालाने कॅमेऱ्याची भिंगं खराब होतात, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ठेवा.

संध्याकाळी पाळोळेच्या उत्तर टोकाला जा. तिथलं काणकोण बेट ओहोटीला किनाऱ्याशी जोडलं जातं. पायऱ्या अशा ठेवा:

१. तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी एक तास किनाऱ्याच्या उत्तर टोकाला पोहोचा. पाणी अजून उतरतं आहे याची खूण म्हणजे वाळूवर लाटेने सोडलेली ओली रेघ पाण्यापासून लांब लांब राहते.

२. पाणी गुडघ्याच्या खाली आलं की पार करा. मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल घाला. खडकांवर कालवांची धारदार शिंपलं चिकटलेली असतात आणि अनवाणी पाय हमखास कापतो.

३. काळा, चकचकीत खडक टाळून खरखरीत, कोरड्या खडकावर पाय द्या. चकाकणाऱ्या भागावर शेवाळ असतं.

४. ओहोटीच्या क्षणानंतर फार तर एका तासात परत या. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडंच चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात. लोक अडकतात ते याच फसवणुकीने: पहिला तास पाणी हललंच नाही असं वाटतं, सूर्यास्ताचे फोटो काढत बसतात, आणि मग काळोखात छातीभर पाणी ओलांडायची वेळ येते.

इथले खडक ग्रॅनाइटचे आहेत, दोन अब्ज वर्षांहून जुने. गोव्याच्या बाकी किनाऱ्यावर तांबडा जांभा दिसतो, आणि इथे हे गोलाईदार राखाडी धोंडे. खडकांमधल्या डबक्यांपाशी पाच मिनिटं हालचाल न करता बसलं तर शंखातले खेकडे, छोटे मासे, समुद्रफुलं आपणहून दिसू लागतात. दगड उलटला तर तो होता तसा पालथा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात.

दुसरा दिवस: खोतीगावचं रान आणि गालजीबागची रात्र

खोतीगाव अभयारण्य १९६८ साली स्थापन झालं. विस्तार सुमारे ८६ चौरस किलोमीटर. तळपण नदीला पाणी याच डोंगरांतून येतं. प्रवेशाचं फाटक राष्ट्रीय महामार्गापासून थोडं आत, हत्तीपावल इथे आहे. पाळोळेहून दहा-बारा किलोमीटर. फाटकावर तिकीट काढा, कॅमेऱ्याची वेगळी पावती लागते, आणि माहिती केंद्रात दहा मिनिटं घालवा. पाणवठ्याजवळ झाडावर उंच मचाण आहे. तिथे पहाटे पोहोचायचं असेल तर फाटक उघडण्याच्या वेळेआधी आत सोडतील का हे आदल्या दिवशीच वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

इथे येऊन निराश होणारे बहुतेक जण वाघ-बिबट्याच्या आशेने आलेले असतात. खोतीगाव हे कान उघडे ठेवून फिरायचं रान आहे. पानगळीच्या आणि सदाहरित झाडांच्या मिश्रणात नजर फार लांब जात नाही. शेकरूची खडखडाटासारखी हाक आधी ऐकू येते, मग डोकं वर करून शेंड्याकडे पाहायचं. धनेश उडताना पंखांचा फुसफुस आवाज करतो. कर्णा पक्षी एकाच फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो, त्यामुळे चालताना तो दिसत नाही, थांबल्यावर दिसतो. गव्यांचे खूर आणि शेण वाटेवर दिसतील. गवा समोर आला तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, गाडीचा भोंगा वाजवू नका. सकाळी सात ते साडेनऊ हा वेळ सगळ्यात चांगला. त्यानंतर रान गप्प होतं.

अंगावर पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे हवेत. पँट मोज्यात खोचा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पालापाचोळ्यात गोचीड असतात. परत आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा तपासा आणि कपडे गरम पाण्यात टाका. नंतरच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता फाटकावर कळवा. माणशी दोन लिटर पाणी न्या. आत दुकानं नाहीत.

अभयारण्याच्या आतही वस्त्या आहेत, मुख्यतः वेळीप आणि कुणबी समाजाच्या. ही माणसं या रानाची पिढ्यान्‌पिढ्यांची जाणकार आहेत. स्थानिक वाटाड्या घेतला तर जे दिसतं ते एकट्याने फिरताना दिसत नाही. देवराईत शिरायचं नाही, तिथलं वाळलेलं पानही उचलायचं नाही, आणि घरांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

दुपारी परतताना पर्तगाळी मठ. गौड सारस्वतांच्या या वैष्णव मठाची परंपरा १४७५ पासूनची. २०२५ मध्ये ५५० वर्षं झाली. त्यानिमित्त २८ नोव्हेंबर २०२५ रोजी इथे प्रभू रामचंद्रांच्या ७७ फूट उंच कांस्यमूर्तीचं अनावरण झालं. मूर्ती शिल्पकार राम सुतार यांनी घडवली आहे. एवढी मोठी मूर्ती बघताना लोक पायथ्याशी जाऊन मान वर करतात आणि चेहरा आखूड दिसतो म्हणतात. मूर्तीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर उभं राहा, म्हणजे प्रमाण नीट कळतं. मठाच्या आवारातला जुना वडही चुकवू नका. तिथून चावडीकडे येताना श्रीस्थळचं मल्लिकार्जुन मंदिर लागतं. सभामंडपातले कोरीव लाकडी खांब पाहण्यासारखे आहेत. दोन्ही ठिकाणी गुडघे व खांदे झाकणारे कपडे घालावेत.

संध्याकाळी गालजीबाग. सुरूच्या बनामागे पसरलेला हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांसाठी राखीव ठेवलेला आहे. आगोंद, मोरजी आणि मांद्रे हे गोव्यातले असेच दुसरे किनारे. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते आणि एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू किती तापते यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. उष्ण वाळूत माद्या जास्त. म्हणूनच किनाऱ्यावर सावली वाढवणं, झाडं लावणं किंवा वाळू हलवणं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचाही परिणाम होतो.

काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथे आपल्या चुकीची किंमत पिल्लू मोजतं.

सूर्यास्ताआधी वनखात्याच्या चौकीवर जा आणि कोणत्या घरट्याचे दिवस भरत आले आहेत ते विचारा. रक्षक सांगेल तिथेच, सांगेल तेवढ्याच अंतरावर बसा. पिल्लं बहुधा वाळू थंड झाल्यावर, रात्री किंवा पहाटे वर येतात, त्यामुळे तीन-चार तास थांबायची तयारी हवी. जाड चटई, पाणी, अंगावर ओढायला चादर. मोबाइलचा पडदा पूर्ण मंद करा किंवा फोन खिशातच ठेवा. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर बांधा, आणि तीही जमिनीकडे. पिल्लं उजेडाकडे चालतात. मोकळ्या काळोखात सगळ्यात उजळ दिशा समुद्राची असते, पण किनाऱ्यावर दिवा लागला की ती उलट जमिनीकडे वळतात आणि कुत्री, खेकडे, कावळे यांच्या तावडीत सापडतात किंवा सकाळच्या उन्हात वाळून जातात.

पिल्लू वाटेत थकून थांबलं तरी उचलून पाण्यात सोडायचं नाही. त्याने स्वतः चालत जायचं असतं. समुद्राच्या आणि पिल्लांच्या मध्ये उभं राहायचं नाही. मागे किंवा बाजूला. मादी अंडी घालायला आलेली दिसली तर ती खड्डा खणत असताना जागच्या जागी थांबा. त्या वेळी चाहूल लागली तर ती अंडी न घालताच परत फिरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. हात लावणं, अंडी हलवणं हा गुन्हा आहे.

पहाटे फिरताना वाळूवर ७०-८० सेंटिमीटर रुंद, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला, आणि डावी-उजवी खूण आलटून पालटून पडलेली असली, तर रात्री मादी येऊन गेली आहे. मागावर चालू नका, तो पुसू नका. रक्षकाला घरटं त्यावरूनच सापडतं. दिवसा मुलांनी वाळूत खड्डे केले असतील तर निघताना बुजवा. पिल्लू त्यात पडलं की बाहेर येत नाही.

तिसरा दिवस: होडी, खाडी आणि खोलगड

सकाळचा समुद्र शांत असतो. दुपारी बारानंतर वायव्येचा वारा धरतो आणि लाटा उठतात. म्हणून पाण्यावरची कामं दुपारच्या आत उरका.

बटरफ्लाय बीचला पाळोळे किंवा आगोंदहून होडीने जाता येतं. डोंगरातून पायवाटही आहे, पण शेवटचा उतार घसरडा आहे आणि वाटेला फाटे फार, तेव्हा वाटाड्याशिवाय नको. हा किनारा इतका लहान आहे की पूर्ण भरतीला बसायलाही जागा उरत नाही. अमावस्येच्या दिवसांत भरती साडेदहा-अकराला, म्हणजे सात वाजता होडीत बसायचं आणि नऊपर्यंत निघायचं. होडीवाल्याशी चढण्याआधी भाडं, किनाऱ्यावर थांबण्याचा वेळ आणि परतीची वेळ ठरवा. लाइफ जॅकेटचे पट्टे आणि बकलं तपासा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करून बाजूला थांबायला सांगा. कळपाच्या मागे लागणाऱ्या होडीपेक्षा थांबलेल्या होडीजवळ ते जास्त वेळ राहतात.

मला विचाराल तर बटरफ्लायपेक्षा तळपणची खाडी सरस. कायाक भाड्याने घेऊन साडेआठच्या सुमारास, पाणी चढत असताना मुखाकडून वर निघायचं. भरतीचा प्रवाह आपोआप आत नेतो. अकरापर्यंत खारफुटी आणि माडांच्या बागांमधून फिरायचं आणि पाणी फिरलं की त्याच प्रवाहाने परत. उलटं केलं तर दोन्ही वेळा पाण्याविरुद्ध वल्ही मारावी लागतात, आणि उधाणाच्या ओहोटीत मुखाशी प्रवाह समुद्राकडे जोरात ओढतो. तिथे नवशिक्याने जाऊच नये. खाडीवर खंड्याचे दोन-तीन प्रकार, ब्राह्मणी घार आणि नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड दिसतो. बगळ्यांच्या वसाहतीखाली कायाक नेऊ नका.

पोहण्याबद्दल एवढंच. जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहापर्यंत असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहा, लाल झेंडा असेल तर पाण्यात नको. लाटा फुटत नसलेला गुळगुळीत पट्टा सुरक्षित वाटतो, पण पाणी परत समुद्रात जाण्याची वाट तीच असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. नदीची मुखं पोहण्यासाठी वर्ज्य.

दुपारी आगोंदमार्गे काबो द राम. स्थानिक नाव खोलगड. सौंधेच्या राजांकडून हा किल्ला पोर्तुगीजांनी १७६३ मध्ये घेतला, आणि पुढे बराच काळ त्याचा तुरुंग म्हणून वापर झाला. आत सांत आंतोनियोचं पांढरं चर्च आहे, तट बऱ्याच ठिकाणी ढासळलेला, आणि वनवासात राम-सीता इथे राहिल्याची लोकश्रद्धा आहे. चार वाजेपर्यंत पोहोचा, कारण संध्याकाळी दरवाजा बंद होतो. उन्ह तिरपं झालं की जांभ्याचा तांबडा रंग उजळतो. कड्याच्या टोकापासून तीन मीटर मागे राहा. जांभ्याचा वरचा थर कठीण कवचाचा असतो आणि खालची माती मऊ. लाटा-पाऊस खालून पोखरतात, वरून काहीच कळत नाही, आणि एके दिवशी कडा तुटतो.

परतताना खोला गावात थांबून मिरची घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेली खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते. रंग गडद लाल, तिखटपणा मध्यम. हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, रंगासाठी हीच हवी. देठासकट, पूर्ण वाळलेली घ्या. वाकवली की कट्‌कन तुटली पाहिजे; लवली तर ओल आहे आणि महिन्यात बुरशी येईल.

चौथा दिवस: कुशावतीकाठची कातळचित्रं

परतीच्या वाटेवर केपे-तिळामळमार्गे रिवणला वळा आणि पुढे उसगाळीमळला जा. पणसायमळ या नावानेही जागा ओळखतात. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत: वशिंडाचे बैल, हरणं, मोर, एक मातृदेवतेसारखी आकृती आणि वर्तुळांचा मोठा चक्रव्यूह. १९९३ मध्ये त्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या. प्रागैतिहासिक माणसाने केलेलं हे काम आकाशाखाली उघडं पडलेलं आहे, आणि गोव्यात याहून मोलाची कलाकृती मला तरी दुसरी माहीत नाही.

चित्रं उथळ आहेत. सूर्य डोक्यावर असताना खोबणीत सावली पडत नाही आणि समोर नुसता तांबडा खडक दिसतो. निम्मे लोक «इथे काही नाही» म्हणून परततात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर या. तिरप्या उन्हात रेषा आपोआप वर येतात. ढगाळ दिवस असेल तर एकाने बॅटरी जमिनीला जवळजवळ समांतर धरायची आणि दुसऱ्याने पाहायचं. फोटोसाठीही हीच युक्ती. बाहेरच्या कडेवरून हळूहळू फिरा, चपला काढा, आणि आकृतीवर पाय पडू देऊ नका. जांभा ठिसूळ आहे. खडूने रेषा गिरवणं, पाणी ओतून घासणं, नाण्याने खरवडणं यांनी कडा झिजतात. पावसाळ्यात कातळ पाण्याखाली-चिखलाखाली जातो, म्हणून नोव्हेंबर ते मे हेच दिवस. रिवणच्या खडकात कोरलेल्या गुंफाही वाटेतच आहेत. आत वाकून जावं लागतं, बॅटरी हवी, आणि वटवाघळांवर उजेड मारू नका.

वेळ उरला तर नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. पाण्याजवळ टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं म्हणतात. शांत बसलं तरी ते येतच राहतात.

ज्यांना गाणी-नाच बघायचे आहेत त्यांच्यासाठी

इथली लोककला रंगमंचावर बघण्यात अर्थ नाही, ती तिच्या मांडावर (विधीसाठी राखलेल्या गावच्या मोकळ्या जागेवर) आणि तिच्या तिथीलाच. पौषात चांदण्या रात्री गावच्या मांडावर बायका धालो घालतात: समोरासमोर दोन रांगा, कमरेला हात, गाण्याच्या तालावर पुढे-मागे. हा देवतेचा विधी आहे. मांडावर चप्पल चालत नाही आणि रांगांच्या मधून जायचं नाही. फाल्गुनात शिगमो, भाद्रपदात चवथीला घुमट आरत्या. मातीच्या घटाला एका तोंडावर कातडं बांधून घुमट करतात, सोबत शामेळ हा ढोल आणि कासाळें ही झांज. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं राज्य वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड संरक्षित असल्याने आता बकरीचं लावतात. विकत घेताना कातडं कसलं ते विचाराच. जुनं म्हणून दाखवलेलं घोरपडीचं घुमट घेणंही गुन्हा ठरतो.

उत्तर गोव्यात जाणार असाल तर मोरजीला मोरजाईच्या देवळातलं कावी काम बघा. समुद्रातल्या शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा वर काढायचा. वाळला की सुधारणा नाही. चुना समुद्राचा आणि लाल रंग जांभ्याचा, त्यामुळे ही कला या किनाऱ्याखेरीज दुसरीकडे सुचलीच नसती.

पावसात येणाऱ्यांसाठी

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरणं बंद, होड्या नाहीत, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) उतरवलेले. पण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यापर्यंत काणकोणमधल्या लोलये गावचा सडा फुलतो. जांभ्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कीटक धरणारी दवबिंदू अशी इवली रोपं गालिच्यासारखी पसरतात. गाडी डांबरीवर लावा आणि उघड्या खडकावरूनच चाला; माती जेमतेम असते, एका टायरने वर्षभराचं बी चिरडतं. गुडघे टेकून भिंग लावून पाहा. विजा चमकायला लागल्या तर सडा तत्काळ सोडा, कारण तिथे तुमच्याहून उंच काहीच नसतं. गावात वेताळाची उभी पाषाणमूर्ती आहे, तीही पाहून या. पायात जळवा चढल्या तर ओढू नका. नखाने बाजूने सैल करा, आणि रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल तर जवळचं घर गाठा, चावडीपर्यंत निरोप अर्ध्या तासात पोहोचतो.